झाडावरून की जमिनीवरून? पक्ष्यांच्या उड्डाणावरून घरात अडलेला वाद

सांगली जिल्ह्यातील एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. पत्र मोठे आहे. त्यातील मुख्य भाग असा :

‘आमच्या चौथीतल्या लेकीने एका रविवारी जेवताना विचारले, की पक्षी पहिल्यांदा उडायला कसे लागले? माझे सासरे, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, वनखात्यातून निवृत्त झाले आहेत. ते म्हणाले, झाडावरून उड्या मारता मारता. माझे यजमान कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतात. ते म्हणाले, छे, जमिनीवर धावता धावता. पहिले दोन रविवार आम्ही पोट धरून हसलो. अण्णा छत्री उघडून शिडीच्या तिसऱ्या पायरीवरून खाली उतरले, तर ह्यांनी दोन्ही हातांना सुपे बांधून गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धाव घेतली आणि शेजारच्या काकूंनी वाळत घातलेल्या भुईमुगाच्या शेंगा पायाखाली चिरडल्या. मग कोणीतरी “तुम्हाला यातलं काय कळतंय” असे म्हणाले आणि सगळे बिनसले. गेले पंधरा दिवस दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. “अण्णांना सांग, चहा निवतोय” अशी सगळी बोलणी माझ्यामार्फत चालतात. पुढच्या महिन्यात शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे आणि लेकीच्या तक्त्यावर बाण झाडावरून खाली काढायचा की जमिनीवरून वर, यावर घर अडले आहे. खरे कोणाचे? तक्त्यावर काय लिहावे? आणि या दोघांना बोलते कसे करावे?’

ताई,

तुमचे प्रश्न तीन आहेत, पण पहिल्याला मी सर्वांत जास्त जागा देणार आहे, कारण उरलेल्या दोन्हींची उत्तरे त्याच्याच पोटात आहेत. मी तालुक्याच्या गावी बरीच वर्षे प्राणिशास्त्र शिकवले आणि हा विषय मला अतिशय प्रिय आहे. तेव्हा उत्तर लांबले तर सांभाळून घ्यावे.

तुमच्या घरच्या पंगतीला जो वाद सुरू झाला, तो अमेरिकेत १८७९ साली सुरू झालेला आहे आणि तोही जवळजवळ एका घरातलाच होता. त्या वर्षी सॅम्युएल विलिस्टन या जीवाश्मांच्या अभ्यासकाने असे मांडले, की पक्ष्यांचे पूर्वज जमिनीवर धावणारे प्राणी असावेत आणि धावताना, उड्या घेताना पुढचे पाय हलवता हलवता त्यांचे पंख झाले असावेत. पुढच्याच वर्षी ऑथनील मार्श यांनी नेमके उलट मत दिले, की हे पूर्वज झाडावर राहत असावेत आणि फांदीवरून फांदीवर झेपा टाकताना त्यांच्या अंगावरची पिसे लांबत गेली असावीत. विलिस्टन त्या काळात मार्श यांच्याच हाताखाली जीवाश्म गोळा करण्याचे काम करीत होते, आणि दोघांचे फारसे पटत नव्हते. म्हणजे तुमचे यजमान विलिस्टन यांच्या बाजूला उभे आहेत आणि अण्णा मार्श यांच्या. दोघांनाही हे सांगा. आपण मूर्खपणाचे काही बोललो नाही, एवढे कळले तरी माणूस अर्धा निवळतो.

अण्णांचे म्हणणे मी आधी घेतो, कारण ते वयाने मोठे आहेत आणि त्यांचा मुद्दा समजायलाही सोपा आहे. उंचावरून सुटलेल्या प्राण्याला गुरुत्वाकर्षण वेग फुकट देते. त्याला फक्त पडणे लांबवायचे असते. आपल्या सह्याद्रीच्या दक्षिण भागात आणि गोव्याच्या जंगलात उडता सरडा आहे, तो बरगड्यांवर ताणलेले पातळ कातडे पंख्यासारखे उघडून एका खोडावरून दुसऱ्या खोडावर तरंगत जातो. वनखात्यात हयात घालवलेल्या माणसाने तो पाहिला असला, तर ‘झाडावरून’ हे उत्तर त्याच्या तोंडून आपोआप येणार. (छत्रीचा प्रयोग मात्र मी बाद ठरवतो. छत्री पडणे नुसते मंद करते, सरडा पुढे सरकतो, आणि उड्डाणाच्या गोष्टीत महत्त्व त्या पुढे सरकण्याला आहे. शिवाय या वयात शिडीवरून छत्री घेऊन उतरणे मला मुळीच पसंत नाही, हेही त्यांना माझ्या नावाने सांगा.)

अण्णांच्या बाजूने एक फार सुंदर पुरावाही आहे. १९१५ साली विल्यम बीबी या अमेरिकी निरीक्षकाने एका पारव्याच्या जातीतल्या काही दिवसांच्या पिलाच्या मांड्यांवर पिसांचे कोंब पाहिले आणि त्यावरून अंदाज बांधला, की पक्ष्यांच्या पूर्वजांना कधीकाळी चार पंख असावेत, दोन हातांना आणि दोन पायांना, आणि ते झाडावरून तरंगत उतरत असावेत. अशा प्राण्याचा पुरावा तेव्हा कोणाकडेच नव्हता. २००३ साली चीनमधल्या लिआओनिंग प्रांतातून शू शिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मायक्रोरॅप्टर या छोट्या डायनोसॉरचे असे जीवाश्म जगासमोर आणले, की त्याच्या हातांवर आणि पायांवर दोन्हीकडे लांब, खरी पिसे होती. तो सुमारे १२ कोटी वर्षांपूर्वीचा आणि साधारण कावळ्याएवढा. पायाला एवढी लांब पिसे असताना जमिनीवर जोरात धावणे म्हणजे धोतराचा सोगा सुटलेला असताना शर्यत लावण्यासारखे आहे, असे अण्णांनी म्हटले तर त्यांना उत्तर देणे अवघड आहे.

तरीही अण्णांच्या वाटेत दोन धोंडे आहेत. पहिला असा, की आज जगात जे प्राणी नुसते तरंगतात, उडता सरडा असो की उडती खार, त्यांच्यापैकी एकही पंख मारत नाही. तरंगण्यासाठी अवयव ताठ आणि स्थिर धरावा लागतो, तर उडण्यासाठी तो सतत मारावा लागतो. एकातून दुसरे कसे निघाले, हे अण्णांना सांगावे लागेल. दुसरा धोंडा जर्मनीतला आहे. बव्हेरियातल्या झोल्नहोफेनच्या चुनखडीत १८६१ साली आर्किऑप्टेरिक्सचा सांगाडा मिळाला. पंख पक्ष्याचे आणि दात, नख्या व हाडांची लांब शेपटी सरपटणाऱ्या प्राण्याची, असा तो १५ कोटी वर्षांपूर्वीचा जीव. आता तो ज्या बेटांवर राहत होता, तिथे मिळालेले वनस्पतींचे अवशेष मुख्यतः खुरट्या झुडपांचे आहेत. उंच झाडच नसेल तर उडी कुठून मारायची, हा प्रश्न तुमच्या यजमानांनी विचारला असेल, तर तो वावगा नव्हता.

आता यजमानांकडे येऊ. त्यांची सुपे पाहून मला फ्रान्झ नोप्चा यांची आठवण झाली. हे हंगेरीच्या राज्यातले एक सरदार होते, जीवाश्मांचे मोठे अभ्यासक होते आणि अल्बेनियाच्या गादीवर आपल्याला बसवावे अशी त्यांची मनापासून इच्छाही होती. १९०७ साली त्यांनी धावणाऱ्या आद्यपक्ष्याची कल्पना मांडली : दोन पायांवर वेगाने धावणारा, हातांनी हवा मागे लोटणारा आणि त्या रेट्याने अखेर जमीन सोडणारा. तुमच्या यजमानांनी गच्चीवर जे केले, ते पायरीनपायरी हेच. पण ते भौतिकशास्त्राचे शिक्षक आहेत, म्हणून त्यांना त्यांच्याच भाषेत एक अडचण विचारावीशी वाटते. धावणाऱ्याला वेग मिळतो तो पायाच्या पकडीतून, आणि पकड मिळते ती अंगाचा भार जमिनीवर असतो म्हणून. पंख जर अंग वर उचलू लागले, तर पायावरचा भार कमी होतो, पकड सुटते आणि जो वेग उड्डाणासाठी हवा तोच हातून जातो. ही अडचण दूर करायला पुढे पुष्कळांनी डोके चालवले. जॉन ऑस्ट्रॉम या अमेरिकी जीवाश्म-अभ्यासकाने १९७४ साली सुचवले, की पिसांचे हात आधी किडे पकडण्याच्या जाळीसारखे वापरले गेले असावेत. पण किडे पकडायची जाळी हवेला आरपार जाऊ देणारी लागते आणि पंख हवेला अडवणारा लागतो, त्यामुळे ही कल्पना फार काळ टिकली नाही.

ऑस्ट्रॉम यांचे मोठे काम मात्र वेगळेच आहे. १९६४ साली अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात त्यांना डायनोनिकस या डायनोसॉरचे अवशेष सापडले आणि त्याच्या मनगटाची व हाताची हाडे आर्किऑप्टेरिक्सच्या हाडांशी इतकी जुळली, की पक्षी हे डायनोसॉरांच्याच कुळातले आहेत हा बाजूला पडलेला विचार पुन्हा उभा राहिला. तो बाजूला का पडला होता, हे तुमच्या दोघा मानकऱ्यांनी नीट ऐकावे असे आहे. गेरहार्ड हाइलमान या डेन्मार्कच्या चित्रकाराने पक्ष्यांच्या उगमावर एक फार अभ्यासू ग्रंथ लिहिला, तो १९२६ साली इंग्रजीत आला. डायनोसॉर आणि पक्षी यांच्यात किती साम्य आहे, हे त्यांनी स्वतःच दाखवले. पण डायनोसॉरांना गळ्याजवळची हाडे नव्हती आणि पक्ष्यांना ती आहेत, एकदा गेलेले हाड परत येत नाही, तेव्हा डायनोसॉर पूर्वज असणे शक्य नाही, असा निकाल दिला. तो निकाल सुमारे चाळीस वर्षे सगळ्यांनी मानला. वास्तविक १९२४ सालीच वर्णन झालेल्या ओव्हिरॅप्टर या डायनोसॉरच्या सांगाड्यात ते हाड होते. पाहणाऱ्यांनी ते दुसरेच हाड समजून पुढे पाऊल टाकले होते. तुमच्याकडे रविवारी कोंबडीचा रस्सा होत असेल, तर छातीच्या वरच्या टोकाला इंग्रजी व्ही अक्षरासारखे जे लवचीक हाड निघते, तेच हे. ते धुऊन, वाळवून लेकीला द्या.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे उत्तर लिहायला बसलो, तिच्याकडे येतो. वर किंवा खाली हा वाद इतकी वर्षे चालला, पण त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न १८७१ साली सेंट जॉर्ज मायवार्ट या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने डार्विन यांना विचारलेल्या प्रश्नाच्या जातीचा आहे : एखादा अवयव पुरता बनण्याआधी त्याचा उपयोग काय? अर्ध्या पंखाने उडता येत नाही, मग तो अर्धा पंख पिढ्यान्‌पिढ्या टिकला कशाच्या जोरावर? पिसांपुरते उत्तर आता बरेच मिळाले आहे. १९९६ साली चीनमध्ये सायनोसॉरोप्टेरिक्स हा अंगभर मऊ तंतू असलेला डायनोसॉर मिळाला. तो उडणारा नव्हता. पिसे आधी ऊब धरण्यासाठी किंवा मिरवण्यासाठी आली, उडणे फार नंतरचे. पण पंख मारण्याचे काय? त्याचे सर्वांत चांगले उत्तर, माझ्या मते, चकोराच्या पिलांनी दिले आहे.

चकोर म्हटले की आपल्याला ओव्यांतला चांदणे टिपणारा पक्षी आठवतो. तो खराखुरा पक्षी आहे, तित्तराच्या कुळातला. लडाखच्या खडकाळ उतारांवर राहतो आणि शिकारीसाठी म्हणून अमेरिकेतही नेऊन सोडला गेला. मोंटाना विद्यापीठातले केन डायल या चकोरांच्या पिलांचा अभ्यास करीत होते. पिलांना उंच जागी जायचे असले की ती उडत नव्हती, कारण उडण्याएवढे पंखच नव्हते; ती चढावर धावत होती आणि धावताना ते इवले पंख जोरजोराने मारत होती. २००३ साली डायल यांनी हे निरीक्षण प्रसिद्ध केले. अंड्यातून बाहेर आल्याच्या दिवसापासून पिले हे करतात. पंख वाढतात तसतसा चढ वाढत जातो आणि शेवटी ती सरळ उभ्या पृष्ठभागावर धावत जातात. पिसे कापून आखूड केलेल्या पिलांना तितका चढ जमला नाही. उडता येणारे मोठे चकोरसुद्धा उंच दगडावर किंवा झाडावर जाताना पुष्कळदा उडण्याऐवजी असेच धावत चढतात. आणि यजमानांना विचारलेल्या अडचणीचे उत्तर इथेच आहे : चढावर पंख असे मारले जातात, की त्यांचा रेटा अंगाला पृष्ठभागाकडे दाबतो. पायाची पकड सुटत नाही, उलट वाढते. हीच पिले वरून खाली येताना पंख फडफडवून आपले पडणे सावरतात.

हे वाचले तेव्हा मी बराच वेळ स्वस्थ बसून राहिलो, कारण मी ते लहानपणी रोज पाहिले होते. आमच्या परड्यात कडब्याची गंजी होती. दिवेलागणीला गावरान कोंबडी डालग्याखाली जायच्या ऐवजी गंजीच्या कलत्या बाजूने वर जाऊन बसायची आणि आठ-दहा दिवसांची पिले तिच्या मागे लागायची. पंख म्हणजे करंगळीच्या पेराएवढे, त्यांना पिसांची नुसती झालर फुटलेली. पिलू दोन पावले चढे, घसरे, मग मान पुढे काढून ते दोन तुकडे असे काही थरथरवी की कडब्याची वाळकी पाती आजूबाजूला हलत, आणि त्या थरथरीत ते हातभर वर जाऊन आईच्या पोटाखाली शिरे. आई ओरडायची, ‘त्यांना खाली घे, मांजर येईल.’ मी त्यांना खाली घेत असे. अर्धा पंख कशाला उपयोगी पडतो, हे माझ्या ओंजळीत होते आणि मला दिसले नव्हते.

यावरून तुमचे यजमान जिंकले असे कोणी समजू नये. आजच्या पिलाला पक्ष्याचा खांदा जन्मतः मिळालेला असतो. डायनोसॉराला हात पाठीच्या वर इतका उचलता येत होता का, ही शंका रास्त आहे. २०१६ साली पिसे असलेल्या निरनिराळ्या डायनोसॉरांचे वजन आणि पंखांचे क्षेत्रफळ धरून केलेल्या हिशेबांत असे निघाले, की पक्ष्यांच्या अगदी जवळचे नातलग सोडले तर इतरांना अशा पंखांचा चढताना फारसा फायदा झाला नसता. शिवाय उडण्याचा प्रयत्न एकाच वाटेने झाला असेही नाही. २०१५ साली चीनमधून यी ची नावाचा छोटा डायनोसॉर जगासमोर आला, त्याच्या हातांना वटवाघळासारखे कातडे होते. ती वाट पुढे बंद झाली. आर्किऑप्टेरिक्सची हाडे फ्रान्समधल्या ग्रनोबल इथे क्ष-किरणांनी तपासली गेली, तेव्हा २०१८ साली असे दिसले, की तो तित्तरासारखा थोड्या थोड्या अंतराचे फडफडते उड्डाण करीत असावा. म्हणून ‘खरे कोणाचे’ याला माझे उत्तर असे आहे : चढणे आणि उतरणे ही एकाच पिलाच्या एकाच दिवसातली दोन कामे आहेत. अण्णांनी उतरणे पाहिले आणि यजमानांनी धावणे पाहिले. दोघांनी जे पाहिले ते खरे आहे. चूक झाली ती फक्त ‘की’ या शब्दाची.

तक्त्यावर बाण एक काढू नये. मध्ये कलता उतार काढावा, त्यावर पिलू काढावे, एक बाण वर आणि एक खाली. बाजूला ‘ही गोष्ट अजून पुरती उलगडलेली नाही’ असे लेकीने स्वच्छ अक्षरात लिहावे. परीक्षक विचारतील तेव्हा तिने न घाबरता तेच सांगावे. खाली कोंबडीची दोन पिसे चिकटवावी, एक छातीचे आणि एक पंखाच्या टोकाचे. छातीचे पीस मधल्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना सारखेच पसरलेले दिसेल. पंखाच्या टोकाच्या पिसाची एक बाजू अरुंद आणि दुसरी रुंद असते. अरुंद बाजू उडताना पुढे राहून हवा कापते. आर्किऑप्टेरिक्सची पंखांची पिसेही अशीच आहेत, आणि ती दगडात उमटलेली आपल्याला दिसतात, हे मला आजही फार मोठे भाग्य वाटते.

राहिला अबोला. ‘तुम्हाला यातलं काय कळतंय’ हे नेमके कोण म्हणाले, ते तुम्ही लिहिलेले नाही. ते तुम्ही मुद्दामच टाळले असावे असे वाटते, आणि तो तुमचा मोठेपणा आहे. अबोला त्या वाक्याने आणला, डायनोसॉरांनी नाही. अण्णांनी वनखात्यात हयात घालवली आहे आणि यजमान रोज वर्गात उभे राहतात. जाणत्या माणसाला आपल्या जाणतेपणावर घाव बसला की तो मुद्द्यावर बोलत नाही, गप्प होतो. म्हणून उद्यापासून निरोप पोचवणे बंद करा. चहा निवत असेल तर निवू द्या. ज्याच्या तोंडून ते वाक्य गेले असेल, त्याने दुसऱ्याजवळ जाऊन ‘मी तसे बोलायला नको होते’ एवढेच म्हणावे. उत्क्रांतीचा विषय त्या वेळी काढू नये. यजमानांनी शेजारच्या काकूंकडे पायलीभर शेंगाही नेऊन द्याव्यात.

आणि मग दोघांना एकत्र असे काम द्या, की जे एकट्याला जमणार नाही. ओळखीतल्या कोणाकडे गावरान कोंबडी पिलांसह असेल तर रविवारी सगळे तिथे जा. एक चार हात लांबीची फळी न्या. अण्णांनी फळी धरावी, कारण पाखरांजवळ न हलता उभे राहण्याची सवय त्यांना आहे. यजमानांनी कोनमापकाने चढ मोजावा. वरच्या टोकाला कोंबडीला दाणे टाकून बसवावे आणि पिलांना आपणहून चढू द्यावे. त्यांना हाकलू नये आणि त्यांची पिसे तर अजिबात कापू नयेत. वीस अंशांपासून सुरुवात करून दर वेळी दहा अंश वाढवावेत, आणि कितव्या कोनाला पंख हलू लागले ते लेकीने वहीत लिहावे. पिलू थकले की थांबावे. फळीवर आधी गोणपाट ठोकून घ्या. गुळगुळीत लाकडावर त्यांच्या नख्या ठरत नाहीत.